काळ्या पडलेल्या तारेबद्दल

चि. निखिल,

जुन्या वाल्व्ह रेडिओतल्या काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं, तेव्हा बाजारातली सगळ्यात जालीम पेस्ट कोणती, असं तू विचारलं आहेस. माझं मत नेमकं उलट आहे. अशा तारेला आधी कटर लावावा, मग पॉलिश पेपर. आम्ल शक्यतो लावूच नये. हे काम पेस्टच्या जोरावर होत नाही, चांगलं तांबं किती मागे सापडतं त्यावर ठरतं.

सोल्डर तांब्यावर नुसतं थिजून बसत नाही. वितळलेलं कथील तांब्याशी संयोग पावतं आणि दोन्हींच्या मध्ये संयुगाचा अगदी पातळ थर तयार होतो, तोच खरा सांधा. मध्ये ऑक्साइड असला तर हे घडतच नाही. सोल्डरच्या पोटातली राळ तो ऑक्साइड काढते खरी, पण ताज्या तांब्यावरचा पातळ थर काढण्यापुरतीच. वर्षानुवर्षं साचलेला काळा थर तिला आवरत नाही. तुझ्या रेडिओत वर आणखी एक भानगड असावी. त्या काळच्या तारांवर रबराचं आवरण असे आणि रबर पक्कं करायला त्यात गंधक घालत. ते गंधक तांब्याला लागलं की काळं सल्फाइड बनतं. म्हणूनच रबरी तारांच्या तांब्यावर कारखान्यातच कथलाचा मुलामा चढवत. मुलामा जिथे विरला तिथे तार काळी पडते, आणि हे सल्फाइड राळेला दाद देत नाही, व्हिनेगरलाही देत नाही. सोल्डरिंग आयर्न जास्त तापवूनही उपयोग नाही. 63/37 सोल्डर 183 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे उष्णता कमी पडतच नव्हती. जादा उष्णतेने ऑक्साइड वाढेल आणि उरलंसुरलं रबर गळून पडेल, एवढंच.

यावर तू म्हणशील, कल्हईवाले पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेवर नवसागर टाकत आले, त्यांचं काय बिघडलं? काही नाही, कारण भांडं उघडं असतं. नवसागराचा बराच भाग पांढऱ्या धुरात उडून जातो, उरलेला पाण्याने धुतला जातो. तारेत तसं होत नाही. बारीक तारांचा वळलेला जुडगा वातीसारखा द्रव शोषतो. पत्र्याच्या कामाच्या पेस्टमध्ये बहुधा झिंक क्लोराइड असतं. ते वितळून आवरणाच्या आत चढतं, आणि तिथे ना फडकं पोहोचत ना पाणी. क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, ओलावा तांबं खात राहतो. सांधा आज झकास दिसेल, पुढे तार आवरणाच्या आतच तुटेल, आणि तू दोष सांध्यात शोधत बसशील. व्हिनेगर-मिठाचंही तेच, मीठही क्लोराइडच. जाड एकेरी तार असेल, तिच्यावर नुसता ऑक्साइड असेल आणि उघडं टोक तेवढंच बुडवता येत असेल, तर ते चालेल. मात्र लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायला हवं.

घासण्यावरचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. 0.2 मिलिमीटरची तार घासून 0.18 झाली, तर तिचं क्षेत्रफळ 19 टक्क्यांनी घटतं. शिवाय जुडगा तसाच घासला तर वरच्या तारा चकाकतात, आतल्या काळ्याच राहतात. म्हणून पीळ उलगडायचा, तारा पसरायच्या, बारीक पॉलिश पेपर दुमडून त्यात त्या हलक्या हाताने लांबीच्या दिशेने ओढायच्या आणि लगेच राळ लावून सोल्डर चढवायचं. पण त्याआधी एक तार वाकवून पाहा. ती तटकन तुटली तर घासणं व्यर्थ, मागे काप. लांबी पुरत नसेल तर निरोगी जागी नव्या तारेचा तुकडा जोडून वर स्लीव्ह चढव. आणि रबर बोटाने चिवडताच भुगा होत असेल, तर सगळी तारच बदल. रेडिओ मूळ रूपात राहावा हा तुझा हट्ट मला समजतो, पण शेकडो व्होल्ट जिथे खेळतात तिथे उघडी पडलेली मूळ तार ठेवण्यात कसला अस्सलपणा?

रेडिओचा प्लग काढून, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच हात घाल. तार चार-पाच सेंटिमीटर मागे सोल आणि आत तांबं गुलाबी निघतं की काळं, ते कळव.

तुझा,
काका