आमच्या पाड्याची फळी

आमच्या मोखाड्यात बर्फ पडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण हा लेख बर्फ लोटणाऱ्या फळीपासून सुरू होणार आहे आणि वाचणारे लगेच म्हणतील, मेकॅनिकलच्या पोरांना मेसच्या वरणातून भलतंच काहीतरी मिळतंय!

तर मित्रांनो, अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात घरासमोर बर्फाचा ढीग साचतो. तिथले लोक एटीव्हीला, म्हणजे चार जाड टायरांच्या आणि मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या छोट्या गाडीला, समोर लोखंडी फळी लावतात आणि बर्फ बाजूला लोटतात. फळी घेताना पाच गोष्टी बघतात. फळी किती रुंद? किती तिरकी करता येते? गाडीला कुठे जोडायची? खाली दडलेल्या दगडाला धडकली तर काय होणार? आणि जमिनीपासून किती वर ठेवायची? आपल्याकडे मनाली-लेहच्या रस्त्यावर हेच काम बॉर्डर रोड्सची मोठी यंत्रं दरवर्षी करतात.

हे पाच प्रश्न आमच्या पाड्यावर जसेच्या तसे उपयोगी पडले. फक्त बर्फाच्या जागी चिखल होता. आणि एक सहावा प्रश्न होता, तो कुठल्याच कॅटलॉगात नसतो.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जव्हार आणि मोखाडा हे २०१४ साली १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला तेव्हा ठाण्यातून इकडे आलेले तालुके. सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा डोंगराळ मुलूख. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती. उतारावर नागली-वरई, सपाटीला भाताची खाचरं. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातो, तो पावसाच्या तोंडावर परत येतो.

आमचा पाडा खोडाळ्याच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत. मधली वाट डोंगर कापून केलेली, मुरुमाची. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली खाचरं. जोराचा पाऊस झाला की डोंगराची लाल माती दगडांसकट वाटेवर येऊन बसते. मोठी दरड नाही हो, पेपरात यावी अशी. वीतभर, हातभर चिखल. पण तेवढ्यानेही जीप अडते. १०८ ची अॅम्ब्युलन्स २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, फोन केला की ती येतेही, पण डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहते. तिथून पुढे डोली. म्हणजे बांबूला चादर बांधायची आणि चौघांनी खांद्यावर घ्यायचं.

मागच्या वर्षी श्रावणात माझ्या वहिनीला असंच नेलं. कळा सुरू झालेल्या, वर पाऊस, खाली घसरण. मी तेव्हा इथे होस्टेलवर सबमिशनच्या फायली रंगवत होतो. ती जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पोचली, पोरगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण डोली उचलणारा माझा भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "दोनदा पाय घसरला रे." बाकी काही बोलला नाही.

ती वाट साफ करायची कोणाची, याची चौकशी केली तर प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचं नाव सांगतात. जेसीबी मागवावा तर तासाचं भाडं, आणि पावसात तो सगळ्यांनाच हवा असतो. मात्र पाड्यावर बायकांच्या बचत गटाचा एक मिनी ट्रॅक्टर आहे. पंधरा हॉर्सपॉवरचा, दोनच चाकांना जोर असलेला. गटाने रोटाव्हेटरसाठी पैसे साठवले होते. दिवाळीत वहिनीनेच बैठकीत विषय काढला, "रोटाव्हेटर एक वर्ष थांबंल. वाट मोकळी करायला ट्रॅक्टरला काही लावता येतंय का बघा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावाला वाटतं, इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराला पंख्यापासून पंपापर्यंत सगळं येतं!

पहिला प्रश्न, फळी पुढे लावायची की मागे? पुढची दिसायला रुबाबदार, छोटा जेसीबीच. पण ती बसवायला ट्रॅक्टरच्या पोटाखालून वेगळी फ्रेम हवी, उचलायला वेगळा हायड्रॉलिक सिलिंडर हवा. शिवाय आमच्या ट्रॅक्टरला ओढ मागच्या चाकांची. पुढे वजन टांगलं की मागची चाकं हलकी होतात. मागे लावायची फळी साध्या थ्री-पॉइंट लिंकेजला बसते, जिथे नांगर बसतो तिथेच. तिचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. हॅरी फर्ग्युसनने ही जोडणी रूढ केली, त्यातली खरी गंमत हीच. आपण ती थिअरीच्या पेपरात तीन मार्कांसाठी पाठ करतो.

आता पकडीचा हिशोब. पंधरा हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ११ किलोवॅट. ताशी २ किलोमीटर वेगाला, घर्षणात जाणारं सोडूनही, इंजिन दीड हजार किलोच्या वर जोर लावू शकतं. पण ट्रॅक्टरचं वजन धरा आठशे किलो, त्यातलं मागच्या चाकांवर पाचशेच्या आत. ओल्या मुरुमावर घर्षणांक ०.४ धरला तर जमिनीवर टेकणारा जोर दोनशे किलोच्या आत-बाहेर. म्हणजे इंजिन कितीही मोठं घ्या, चाकं जागच्या जागी फिरणार. उपाय दोनच. टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवायचं, आणि एका दमात सगळा ढीग ओढायचा नाही. थर थर काढायचा, तीन फेऱ्या मारायच्या.

रुंदीचं गणित तर बारावीचं. चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर साडेतीन फूट. फळी चार फुटांची घेतली आणि चिखल बाजूला सरकावा म्हणून ३० अंशांत तिरकी केली, तर ती ४ गुणिले ०.८६६, म्हणजे साडेतीन फुटांपेक्षाही किंचित कमी जागा साफ करते. परत येताना चाक चिखलावरच चढणार. पाच फुटांची घेतली तर तिरकी असतानाही सव्वाचार फुटांच्या वर भरते, दोन्ही बाजूंना पाचेक इंच मोकळे राहतात. पाच फूट ठरली.

दगडाचं काय? बर्फाच्या फळीला स्प्रिंग असते. दगड लागला की फळी पुढे झुकते आणि मग पुन्हा उभी राहते. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याला तशा स्प्रिंगा मिळेनात. मग जोडाच्या जागी एक मऊ लोखंडाचा शिअर बोल्ट घातला. दगड अडला की बोल्ट तुटतो, ट्रॅक्टर वाचतो. विजेच्या फ्यूजसारखंच! पाच बोल्ट खिशात ठेवायचे. खालची धार ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याची केली. आणि दोन्ही टोकांना बर्फाच्या फळीला असतात तशा टेकणी-पट्ट्या लावल्या, म्हणजे फळी जमिनीपासून बोटभर वर राहते. नाहीतर चिखलाबरोबर वाटेचा मुरूमही खरवडून जायचा, आणि पुढच्या पावसात वाटच उरायची नाही.

एवढं सगळं मी बैठकीत कागदावर काढून दाखवलं. बायकांनी माना डोलावल्या. तेव्हा कोपऱ्यात विडी ओढत बसलेल्या आज्याने तो सहावा प्रश्न विचारला.

"चिखल काढशील रं. पर टाकशील कुठं? खाली माझं खाचर हाय."

बघा, बर्फाला हा प्रश्न फारसा पडत नाही. कडेला लोटला, ऊन तापलं, वितळून गेला. चिखल तिथेच राहतो. दरीच्या अंगाला लोटला तर खाली आवणी झालेल्या कोणाच्या तरी भातावर जाणार. डोंगराच्या अंगाला लोटला तर पाण्याची चर बुजणार, पाणी वाटेवरून धावणार आणि वाट कापून नेणार. म्हणजे नुसती तिरकी फळी पुरेशी नव्हती. म्हणून दोन्ही टोकांना काढता-घालता येणारे उभे पाखे बसवले. पाखे लावले की फळीची पेटी होते, चिखल तिच्यात धरून ओढत न्यायचा आणि वळणावरच्या मोकळ्या जागेत सोडायचा. पाखे काढून फळी तिरकी केली की चरीच्या कडेची राड निघते. पुढच्या फळीने हे ओढून नेणं जमलं नसतं.

रोटाव्हेटर भाडं आणतो, फळी काय आणणार, हा गटाचा हिशोबही रास्तच होता. त्याचं उत्तर उन्हाळ्यात मिळालं. हीच फळी खाचरं सपाट करायला चालते. एप्रिल-मे महिन्यांत ती शेजारच्या दोन पाड्यांवर भाड्याने गेली.

यंदाच्या पावसात फळी तीनदा वाटेवर काढावी लागली. दोनदा तासा-दीड तासात वाट मोकळी झाली. तिसऱ्यांदा चिखलात बैलाएवढा धोंडा होता, तिथे जेसीबीचीच वाट पाहावी लागली. बोल्ट चार तुटले. गटाने दोन नियम केलेत. पाऊस कोसळत असताना आणि डोंगराची माती हलत असताना ट्रॅक्टर काढायचा नाही, आणि फळीवर कोणी उभं राहायचं नाही, वजन कमी पडलं तरी. डोली अजून भिंतीला टांगलेली आहे. ती काढून टाकायला कोणी तयार नाही, आणि मीही सांगणार नाही.

वळणावर साठलेला चिखल वाळून त्याची छान लाल माती झाली आहे. आज्याने परवा फोनवर सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात ती माती खाचराच्या बांधाला घालायची, ट्रॅक्टर तेवढा पाठवा म्हणून. भाडं देणार का विचारलं, तर म्हणाला, "प्रश्न कोणी विचारला होता?"