तीन राजधान्या आणि एकटा प्रवासी

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया हे तीन लहान देश दक्षिणेकडून उत्तरेकडे एका ओळीत वसलेले आहेत. विल्नियस, रीगा आणि टालिन या त्यांच्या राजधान्या. विल्नियस ते रीगा सुमारे ३०० किलोमीटर आणि रीगा ते टालिनही जवळपास तेवढेच. सहलीच्या पत्रकांत या तिन्ही राजधान्या बहुधा पाच-सहा दिवसांत उरकलेल्या दिसतात. आरंभ टालिनपासून होतो, कारण तिघींत दिसायला तीच अधिक देखणी. शेवटच्या विल्नियसला पोहोचेपर्यंत फरसबंदी रस्त्यांनी पाय दुखू लागलेले असतात, एक जुने गाव दुसऱ्यासारखे वाटू लागते, आणि त्या शहराच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. एकट्याने निघणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. आधी विल्नियस, मग रीगा, शेवटी टालिन. मुक्काम अनुक्रमे चार, तीन आणि तीन रात्री.

साठीनंतर एकट्याने परदेशी जाण्याचा विषय निघाला की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘एकटेच कशाला जाता? एखाद्या गटाबरोबर जा.’ हा प्रश्न काळजीपोटी असतो आणि त्याला उत्तर देणे हा नियोजनाचाच भाग आहे. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे भारताच्या अडीच तास मागे असतात. तेथे संध्याकाळी सहाला केलेला दूरध्वनी घरी साडेआठला, सर्वजण एकत्र असतात तेव्हा येतो. ही एक वेळ ठरवून ती चुकवू नये. मुक्कामाचे पत्ते, विमा, पारपत्राची प्रत आणि बसची तिकिटे यांचा एक संच घरी ठेवावा. एवढे केल्यावर घरच्यांचा विरोध निम्म्याने उतरतो. गटाबरोबर का नाही, याचे खरे उत्तर मात्र विल्नियसमध्येच मिळते.

तिन्ही देश २००७ पासून शेंगेन व्यवस्थेत आहेत. एका व्हिसावर तिन्हींत फिरता येते. अर्ज कोणत्या देशाकडे करावा याचा नियम सोपा आहे. जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर जेथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. विल्नियसला चार रात्री ठेवल्या की हा प्रश्नही सुटतो आणि अर्ज लिथुआनियाकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल असावा लागतो. मात्र ही किमान मुदत कागदावरची समजून दोन महिने हाताशी ठेवावेत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. बँकेच्या खात्याचा उतारा जोडताना आदल्या आठवड्यात एकाएकी मोठी रक्कम भरू नये. खात्याची नेहमीची चाल आणि अचानक आलेली भर यांतला फरक तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असल्यास शेंगेनबाहेर पाऊल टाकून परत येता येत नाही. विल्नियसपासून बेलारूसची सीमा तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून ‘इतके जवळ आलोच आहोत तर’ असा विचार मनात आणू नये.

ऋतूच्या निवडीला जैन घरांत आणखी एक बाजू आहे. टालिन ५९ अक्षांशांच्या उत्तरेस आहे. डिसेंबरात तेथे साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याचे दुपारचे जेवण हेच दिवसाचे शेवटचे जेवण होते. मेच्या उत्तरार्धात सूर्यास्त विल्नियसला साडेनऊच्या सुमारास आणि टालिनला दहानंतर होतो. भोजनाची घाई उरत नाही, चातुर्मासही पुढे असतो. निवास घेताना मात्र खोलीला जाड पडदे आहेत का, हे विचारून घ्यावे, कारण पहाटे चार-पाचलाच लख्ख उजाडते. २३ आणि २४ जूनच्या आसपास उन्हाळी संक्रांतीचा उत्सव असतो. तेव्हा शहरे ओस पडतात आणि दुकाने बंद राहतात. हे दिवस टाळलेले बरे.

अन्नाची अडचण आहे हे आधीच मान्य करावे. बटाटा, बीट, मासे आणि मांस यांवर तेथील स्वयंपाक उभा आहे. लिथुआनियाचे गुलाबी थंड सूप दिसायला मोहक असले तरी ते बीटचे असते आणि त्यात बहुधा अंडे घातलेले असते. तिन्ही राजधान्यांत भारतीय उपाहारगृहे आहेत, पण रोज त्यांच्या शोधात फिरणे म्हणजे शहर सोडून जेवणाचाच प्रवास करणे होय. लहान स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. खाकरे, मुगाची डाळ, पोहे आणि मसाल्याचा डबा एवढ्यावर दहा दिवस निभतात. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे, खवा आणि दुधाची भुकटी सामानात नको. दूध, दही व लोणी तेथे उत्तम मिळते.

आता विल्नियस. भाषेपासूनच आरंभ करण्यासारखे हे शहर आहे. लिथुआनियन ही जिवंत भारोपीय भाषांतील अतिशय जुने रूप टिकवलेली भाषा समजली जाते. अग्नीला ‘उग्निस’, धुराला ‘दूमस’, दाताला ‘दांतिस’, मुलाला ‘सूनुस’ आणि मधाला ‘मेदूस’ हे शब्द ऐकून संस्कृतचा गंध असलेला माणूस क्षणभर थबकतो. बाजारात अशा शब्दाने संभाषण होत नाही, पण परकेपणा थोडा कमी होतो. गेदिमिनासचा बुरूज, मुख्य चर्चचा प्रशस्त चौक आणि उषाद्वार ही स्थळे पहिल्या दिवशी सहज होतात.

दुसरा दिवस मात्र दिसणाऱ्या इमारतींचा नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहरात सुमारे तिसरा हिस्सा वस्ती ज्यू लोकांची होती. व्यापारी, कारागीर, छापखानेवाले आणि धर्मपंडित असा हा समाज. अठराव्या शतकात विल्नाचे गाओन म्हणून ओळखले गेलेले एलियाहू येथेच होऊन गेले, आणि शहराला ‘लिथुआनियाचे जेरुसलेम’ म्हणत. जुन्या गावातील स्तिक्लियू, म्हणजे काचकामवाल्यांची गल्ली, आणि ‘ज्यूंची गल्ली’ या नावाचा रस्ता आजही आहे. तेथे सुंदर उपाहारगृहे आहेत, खिडक्यांत फुले आहेत. ज्यांच्या नावाची गल्ली ते मात्र नाहीत. सप्टेंबर १९४१ मध्ये नाझी सत्तेने या गल्ल्यांत ज्यूंना कोंडले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये ती वस्ती संपवली. सतराव्या शतकातील त्यांचे महान प्रार्थनागृह युद्धात मोडले आणि उरलेले पुढे सोव्हिएत राजवटीने पाडले. नंतर त्या जागी मुलांची शाळा बांधली गेली.

कोंडलेल्या त्या वस्तीत एक ग्रंथालय चालू होते. डिसेंबर १९४२ मध्ये तेथून एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती गेले आणि त्याचा समारंभ करण्यात आला. बाहेर मृत्यू उभा असताना पुस्तकांच्या देवघेवीची नोंद कोणी तरी रोज चोख ठेवत होते. ग्रंथभांडारे जपलेल्या आणि वहीखात्याचा मान राखणाऱ्या घरांना या एका आकड्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर पानेरियाईचे पाइन वृक्षांचे वन आहे. लोकल गाडीने तेथे थोड्या मिनिटांत पोहोचता येते. येथे नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सुमारे ७०,००० ज्यूंना गोळ्या घालून ठार केले. पोलिश नागरिक आणि युद्धकैदी निराळेच. लिथुआनियातील ज्यू समाजातले दहांपैकी नऊहून अधिक माणसे त्या तीन वर्षांत नाहीशी झाली. शेकडो वर्षे पेढ्या चालवलेला, शेजाऱ्यांशी देणेघेणे असलेला, संख्येने थोडा पण शहराच्या व्यवहारात मुरलेला समाज इतक्या थोड्या काळात पुसला जाऊ शकतो, हे वनातील गोल खड्ड्यांच्या काठावर उभे राहिल्याशिवाय पुरते उमगत नाही. येथे पंचेचाळीस जणांच्या गटाबरोबर येऊ नये. गटाला छायाचित्रे काढायची असतात, पुढच्या जेवणाची वेळ गाठायची असते, आणि बसचा भोंगा वाजतो. या दिवशी दुसरे तिकीट काढून ठेवू नये. परतल्यावर काही पाहावेसे वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी गेदिमिनास मार्गावरील गुप्त पोलिसांची जुनी इमारत पाहावी. आता तेथे संग्रहालय आहे, आणि सोव्हिएत काळात मारल्या गेलेल्यांची नावे बाहेरच्या भिंतीच्या दगडांत कोरलेली आहेत. दोन राजवटींची दोन दुःखे एकाच शहरात आहेत आणि दोन्ही पाहणाऱ्यालाच विल्नियस कळते.

चर्चच्या चौकात जमिनीवर एक फरशी बसवलेली आहे. तिच्यावर ‘स्तेबुक्लास’, म्हणजे ‘चमत्कार’, हा शब्द आहे. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, तिन्ही देशांचे भवितव्य ठरवणाऱ्या हिटलर-स्टालिन कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, सुमारे २० लाख लोकांनी विल्नियसपासून टालिनपर्यंत एकमेकांचे हात धरून सहाशेहून अधिक किलोमीटरची साखळी केली होती. तिचे एक टोक येथे होते. ही साखळी पुढच्या प्रवासाचा नकाशा ठरते. विल्नियस ते रीगा बसला साधारण चार तास लागतात. पानेवेझिस आणि बाउस्का ही त्या साखळीवरची गावे. रीगानंतर साखळी आतल्या बाजूने वाल्मिएरा व विल्यांदीवरून गेली होती. बस समुद्राकाठच्या पॅर्नूवरून जाते. रेल्वेचा नवा मार्ग बांधला जात आहे, पण सध्या बसच सोयीची.

रीगा हे बंदर, हान्सा व्यापारसंघातले जुने नगर. अविवाहित व्यापाऱ्यांच्या ‘काळ्या मस्तकांच्या’ बंधुसंघाचे सभागृह येथील मुख्य चौकात आहे. १९४१ च्या तोफांच्या माऱ्यात ते पडले, १९४८ मध्ये अवशेषही हटवले गेले, आणि १९९९ पर्यंत ते पुन्हा जसेच्या तसे उभे करण्यात आले. जवळच एका घराच्या शिखरावर मांजरांच्या मूर्ती आहेत. व्यापारी संघाने सदस्यत्व नाकारल्यामुळे घरमालकाने मांजरांची पाठ संघाच्या इमारतीकडे केली, असे सांगतात. व्यापाऱ्यांची रुसवेफुगवे करण्याची रीत सगळीकडे सारखीच. १९३० मध्ये उघडलेला मध्यवर्ती बाजार प्रचंड हवाई जहाजांच्या जुन्या छपरांखाली भरतो. शाकाहाऱ्याने भाजी आणि दुधाच्या दालनांतून आत शिरावे आणि तेथूनच परतावे.

तिन्ही देशांत आता युरो चालतो. एस्टोनियात २०११, लॅटव्हियात २०१४ आणि लिथुआनियात २०१५ पासून. रीगात सुटे पैसे घेताना एक व दोन युरोचे नाणे उलटून पाहावे. त्यावर लोकवेशातील एका तरुणीचे मुख आहे. १९२९ च्या चांदीच्या पाच लाटच्या नाण्यावर हेच मुख होते. १९४० मध्ये देश गेला, चलन गेले, रूबल आला. तरीही अनेक घरांनी ते चांदीचे नाणे बाजारात आणले नाही, पेटीत जपले. ते मोडून खाल्ले असते तर किंमत आली असती. जपले म्हणून देशाची आठवण राहिली.

टालिनला पोहोचल्यावर थकवा जाणवू लागतो, आणि तेथे थकून चालते. पिक्क, म्हणजे ‘लांब’ रस्त्यावर चौदाव्या-पंधराव्या शतकांतील व्यापाऱ्यांची घरे रांगेने उभी आहेत. खाली राहणे व व्यवहार, वरच्या मजल्यांवर वखार, आणि माळ्याच्या तोंडाशी गोण्या वर ओढण्याची तुळई. मीठ पूर्वेकडे जाई, फर आणि मेण पश्चिमेकडे येई. त्याच रस्त्यावर मोठ्या व्यापारी संघाचे १४१० चे सभागृह आहे. अविवाहित तरुणाने लग्न करून घर केले की त्याला येथे प्रवेश मिळे. नगरभवनासमोरचे औषधाचे दुकान १४२२ पासून नोंदीत आहे. टेकडीवर जाण्याच्या दोन वाटांची नावे ‘लांब पाय’ आणि ‘आखूड पाय’ अशी आहेत. गुडघे दुखत असतील तर लांब पायानेच चढावे.

वर टूम्पेआ टेकडीवर ‘उंच हर्मन’ हा बुरूज आहे, आणि त्याच्या टोकावर एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा ध्वज सूर्योदयाला चढतो. १९८९ च्या त्या साखळीचे दुसरे टोक येथे होते. शेवटच्या संध्याकाळी, घरी दूरध्वनी करून झाल्यावर, येथे यावे. उजेड पुष्कळ उरलेला असतो. खाली बंदरातून हेलसिंकीची बोट सुटताना दिसते. दुसऱ्या दिवशी तीच पकडायची असते, दोन तासांत पलीकडचा किनारा येतो.