नाणेघाट खालूनच चढावा

कल्याणहून माळशेजकडे निघाल्यावर मुरबाड आणि टोकावडे मागे पडले की वैशाखऱ्याच्या आसपास सह्याद्रीच्या भिंतीतून पुढे आलेला नानाचा अंगठा दिसू लागतो. त्याच्या शेजारच्या खिंडीत नाणेघाट आहे. मुलाबाळांसह सहलीला निघालेली बहुतेक कुटुंबे इथे थांबत नाहीत. ती माळशेज चढून जुन्नरच्या अंगाने, घाटघरमार्गे, गाडीनेच माथ्यावर जातात, दरी पाहतात, फोटो काढतात आणि परततात. सहलीचा पहिला दिवस असा घालवला की घाट पाहिला जातो, पण कळत नाही. नाणेघाट मुरबाडच्या बाजूने, पायीच चढावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला आधार त्या डोंगराच्या रचनेचाच आहे.

जंगलातली वाट संपून खडकातल्या पायऱ्या लागतात, मधूनमधून पाण्याची कोरीव टाकी भेटतात आणि खिंडीत शिरण्याआधीच लेणे समोर येते. माथ्यावरून येणाऱ्याला मात्र त्यासाठी खिंड उतरावी लागते. म्हणजे हे लेणे कोकणातून वर येणाऱ्याच्या वाटेवर, देशाच्या दारातच कोरलेले आहे. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. अभ्यासक तो साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. मागच्या भिंतीशी एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या आता उरल्या नाहीत, पण वर कोरलेली नावे वाचली गेली आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका आणि श्रीसातकर्णी, राजकुमार, आणि राणीचे वडील मानले जाणारे महारठी. सासर-माहेर दोन्हीकडची माणसे एका ओळीत! दमून वर आलेल्या व्यापाऱ्याला पहिले दर्शन या कुटुंबाचे होत असे. गाडीतून उतरलेल्याला हा क्रमच उलटा दिसतो.

कोणी म्हणेल, लेखात तर अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दक्षिणा यांचीच यादी आहे. त्यात व्यापार कुठे? आक्षेप खरा आहे. पण यज्ञांची कीर्ती कोरायला राजधानीजवळ खडक कमी नव्हते. ती या खिंडीत कोरली, कारण इथून माणसे जात होती, असे मला वाटते. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, ही सांगोवांगी आहे. ती खोटी ठरली तरी माझे म्हणणे पडत नाही, कारण खरा पुरावा समुद्राकडून येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’मध्ये लिहिले आहे की कल्याण बंदरात पूर्वी रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली. कल्याण, सोपारा ही बंदरे आणि जुन्नर, पैठण ही गावे यांना जोडणारा हा घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदराची चावी होती. वर जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले उगाच उभे नाहीत.

ही वर्दळ ओसरली, त्यात रेल्वेचा वाटा मोठा. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट रेल्वेने पार केला. शहापूर तालुक्यातून, आसनगाव-कसाऱ्यावरून लोहमार्ग गेला. मुरबाडला तो अजून पोहोचलेला नाही. तरीही देश-कोकणाची देवघेव पुरती संपली नाही. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या पौषातल्या यात्रेच्या बाजारात बैलांबरोबर देशावरच्या घोंगड्यांचीही खरेदी होते.

उरतो प्रश्न लहान मुलांचा आणि वयस्करांचा. चढाला अडीच-तीन तास लागतात. पहाटे निघावे, पाणी भरपूर घ्यावे आणि मुसळधार पावसात हा बेत करू नये, कारण पायऱ्या शेवाळतात. आजी-आजोबांना गाडीने वर पाठवून लेण्याजवळ सगळ्यांना भेटता येते. मुलांना घाई नसतेच. लेखातले आकडे 24,400 पर्यंत जातात, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. ब्राह्मी न येणाऱ्या मुलालाही त्यातले दोन लगेच वाचता येतात: एक आडवी रेघ म्हणजे एक, एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा म्हणजे दोन.