ब्रायटन : राजपुत्राची हौस, जवानांचं इस्पितळ

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून सुटलेली गाडी साधारण तासाभरात ब्रायटनला पोचते. स्टेशनाबाहेर पडलं की क्वीन्स रोड सरळ समुद्राकडे उतरत जातो. वाट विचारायचीही गरज नाही. पण समुद्र दिसायच्या आधी डावीकडे नॉर्थ स्ट्रीटला वळावं. थोडं पुढे गेलं की समोर उभे राहतात कांद्याच्या आकाराचे घुमट, उंच मिनार आणि दगडी जाळ्या. भारतीय पाहुणा चक्रावतोच. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हा नबाबी थाट आला कुठून?

हा रॉयल पॅव्हिलियन. त्याच्या जन्माची गोष्ट खाऱ्या पाण्यापासून सुरू होते.

समुद्र हेच औषध

ब्रायटन हे मूळचं कोळ्यांचं गाव. त्या जुन्या गावाची आठवण 'द लेन्स' या गल्ल्यांनी जपलीय. समोरून कुणी आलं की अंग चोरावं लागतं, इतक्या त्या अरुंद. आज तिथे जडजवाहिराची, जुन्या वस्तूंची दुकानं आणि कॉफीची ठिकाणं आहेत. 1750 मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी औषधी असल्याचा ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत रोगी इकडे धावू लागले. नुसते डुंबायला नव्हे, तर ते खारं पाणी प्यायलासुद्धा!

1783 मध्ये राजपुत्र जॉर्ज इथे आला आणि गावाच्या प्रेमातच पडला. पुढे 1815 ते 1822 या काळात जॉन नॅश या वास्तुरचनाकाराकडून त्यानं हा महाल आजच्या रूपात उभा करून घेतला. गंमत म्हणजे नॅशनं हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. चित्रं बघून त्यानं घुमट चढवले. आतली सजावट मात्र चिनी थाटाची! व्हिक्टोरिया राणीला इथली वर्दळ रुचली नाही. अखेर 1850 मध्ये महाल गावानंच विकत घेतला.

याच काळात एका हिंदी माणसानंही इथे नाव कमावलं. पाटण्याचा शेख दीन मोहम्मद किनाऱ्यावर वाफेची स्नानगृहं चालवायचा आणि चंपी-मालिश करायचा. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळवण्यात त्याचा मोठा वाटा. दोन राजांनी त्याला आपला मालिशतज्ज्ञ नेमलं. 1851 मध्ये तो वारला. त्याची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.

घुमटाखाली खाटा

पहिल्या महायुद्धात या हौसेच्या महालाला वेगळंच काम लागलं. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी जवानांसाठी 1914 च्या डिसेंबरात इथे इस्पितळ उघडलं. राजाच्या दिवाणखान्यांत खाटा लागल्या. जातधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं निघाली. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळही वेगळे. झुंबरांखाली पहुडलेल्या जवानांचे फोटो सरकारनं प्रचारासाठी दूरदूर पाठवले.

फोटोत न दिसणारी बाजूही होती. जवानांना मोकळेपणानं गावात हिंडता येत नसे, आणि बरं झालेल्यांना पुन्हा लढाईवर धाडलं जाई. 1915 च्या ऑगस्टमध्ये पॅव्हिलियनच्या हिरवळीवर पाचव्या जॉर्ज राजानं जमादार मीर दस्त यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. तेव्हा या शूर माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. एकदा जखमी झालेल्याला पुन्हा आघाडीवर पाठवू नये, एवढीच त्यानं विनंती केली.

जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शीख जवानांचं दहन गावाच्या उत्तरेला, पॅचमजवळच्या टेकडीवर झालं. त्यांच्या अस्थी समुद्रात सोडल्या गेल्या. मुसलमान जवानांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. टेकडीवर जिथे चिता पेटल्या, तिथेच 1921 मध्ये पांढऱ्या संगमरवराची 'छत्री' उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. त्याच वर्षी पॅव्हिलियनच्या दक्षिणेला हिंदुस्थानच्या वतीनं भेट दिलेली कमान बसली. पण छत्रीपाशी 53 जवानांची नावं कोरली गेली ती थेट 2010 मध्ये!

समुद्रावर आजही जत्रेची गर्दी असते. 1899 चा पॅलेस पिअर दिव्यांनी झगमगतो. 1883 पासूनची विजेवरची चिमुकली रेल्वे किनाऱ्यालगत धावते. 1866 च्या वेस्ट पिअरचा मात्र 2003 च्या आगींनंतर लोखंडी सांगाडाच पाण्यात उभा आहे. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पायात चपला हव्यातच.

टेकडीवरच्या छत्रीकडे फारसे प्रवासी फिरकत नाहीत. शेवटची वाट शेतांमधून पायीच चढावी लागते. ब्रायटनला जाणाऱ्या भारतीयानं तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. गावातले घुमट राजाच्या हौसेचे आहेत, पण टेकडीवरची छत्री आपल्या माणसांची आहे.