मधलं नाव

पदवीदान समारंभात आईबापांना काही काम नसतं. शाळेच्या पहिल्या दिवशी बोट धरायचं होतं, दहावीला रात्रीचा चहा करून द्यायचा होता, प्रवेशाच्या वेळी दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला धावायचं होतं. इथे नुसतं बसायचं आणि डोळे भरून बघायचं. मला ते बसणं फार सुखाचं वाटलं.

मुंबई विद्यापीठाचं सर कावसजी जहांगीर सभागृह १८७४ साली बांधून झालं. एका टोकाला उंचावर रंगीत काचांची गोल खिडकी आहे, तिच्यात बारा राशी कोरल्यासारख्या बसवलेल्या. सज्जात आमच्या शेजारचं जोडपं रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने आलं होतं. बाईंच्या पातळाची घडी अजून मोडली नव्हती. मिरवणूक आत आली तशा त्या सगळ्यांच्या आधी उठून उभ्या राहिल्या.

आमची लेक रसायनशास्त्रात पीएचडी झाली. तिच्या प्रबंधातलं मला काही कळत नाही, पण तिची बोटं मला ठाऊक आहेत. सिल्व्हर नायट्रेटचे काळपट डाग त्यांच्यावर असायचे. लिंबू चोळा, साबण लावा, जायचे नाहीत. कातडी झडेल तेव्हाच जायचे. लग्नकार्यात ती हात ओढणीत लपवी. मला मात्र ते डाग मेंदीपेक्षा देखणे वाटत.

तिचं नाव पुकारलं गेलं ते पूर्ण. आधी तिचं, मग ह्यांचं, मग आडनाव. हे बेस्टमध्ये कंडक्टर होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या थांब्यांची नावं पुकारण्यात गेला. त्या उंच छताखाली ह्यांचं स्वतःचं नाव ध्वनिक्षेपकावरून घुमलं, तेव्हा ह्यांनी खुर्चीचा हात असा घट्ट धरला, की जणू गाडीने अचानक ब्रेक मारलाय.

आपल्याकडे मुलाच्या यशात बापाचं नाव असं आपसूक येतं. १८६२ साली या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हा हे सभागृह उभंही नव्हतं. गोविंदराव नि गोपाळराव मुलांच्या नावाबरोबर आजही उच्चारले जातात. त्यांच्या आयांची नावं चरित्रांत शोधावी लागतात. आता परीक्षेच्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना असतो. लेकीने तो पहिल्यांदा भरला तेव्हा तिच्या अक्षरातलं माझं नाव मी कितीदा तरी वाचलं होतं.

सभागृहाबाहेर आलं की मान आपोआप वर जाते. राजाबाई टॉवर २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव द्यायला सांगितलं. १८६५च्या शेअरबाजाराच्या पडझडीत ते स्वतः पार बुडाले, तरी १८७८ साली मनोरा पुरा झाला. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा जैन नेम या घड्याळाच्या टोल्यांवर सांभाळला जाई, असं सांगतात. खरं असो वा नसो, इतक्या पदवीधरांच्या डोक्यावर एका आईचं नाव उभं आहे, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

लेक गर्दीतून धावत आली. पदवीची गुंडाळी आधी माझ्या हातात दिली, मग वाकून दोघांच्या पाया पडली. फोटो झाले, ओव्हलच्या कडेने चालणं झालं, ह्यांचं सारखं "नीट धर, चुरगळेल" झालं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर ह्यांच्या जुन्या डेपोतला निघाला. "काय मास्तर, आज एवढे कडक इस्त्रीत?" ह्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. "डॉक्टर झाली. औषधाची नव्हे, केमिस्ट्रीची." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिची मुलगी."