विकल्या गेलेल्या माणसांची पुस्तके

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते पाहून आम्ही पायीच तिकडे निघालो. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. १३५ व्या रस्त्यावर भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ विटांची एक इमारत लागते. हेच शोम्बर्ग केंद्र, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा एक भाग. आत जायला पैसे पडत नाहीत. दुर्मिळ ग्रंथ पाहायचे तर मात्र आधी कळवून वेळ घ्यावी लागते.

ग्रंथसंग्रह म्हटला की एखादा राजा किंवा शेठ आठवतो. हा संग्रह एका पगारदार माणसाने जमवला. आर्तुरो शोम्बर्ग यांचा जन्म १८७४ साली पोर्तो रिको बेटावर झाला. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असे शाळेत शिक्षकाने त्यांना ऐकवले होते, असे सांगतात. १८९१ साली ते न्यूयॉर्कला आले. पुढे एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी केली आणि पगारातून जुनी पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे घेत राहिले. १९२६ साली कार्नेगी संस्थेच्या १०,००० डॉलरच्या मदतीने ग्रंथालयाने तो संग्रह घेतला. त्यात ५,००० हून अधिक पुस्तके होती. १९३२ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत शोम्बर्ग यांनीच तो सांभाळला.

या कागदांचे मोल कशात आहे? सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार नेण्यास निघाले. व्यापाऱ्यांच्या वह्यांत ती माणसे मालासारखी मोजलेली आहेत. त्याच काळात त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच्या हाताने लिहिले.

फिलिस व्हीटलीचे १७७३ चे पुस्तक पाहताना आम्ही बराच वेळ तेथेच थांबलो. सुरुवातीलाच तिचे चित्र आहे. मेजाशी बसलेली, हातात पिसाची लेखणी. १७६१ साली सात-आठ वर्षांच्या या मुलीला बोस्टनच्या बंदरात विकले. ज्या जहाजातून आणली, त्याचेच नाव तिला दिले. तिच्या कविता लंडनमध्ये छापाव्या लागल्या. गुलाम मुलगी असे लिहू शकते, यावर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून बोस्टनच्या १८ प्रतिष्ठितांच्या सह्यांचा दाखला पुस्तकात जोडला. कवितेखाली कवीचे नाव पुरेसे असते. तिला साक्षीदार लागले!

पुढे ती स्वतंत्र झाली, पण १७८४ साली दारिद्र्यात वारली. दुसऱ्या पुस्तकाचे हस्तलिखित तयार होते. ते कधीच सापडले नाही. जपणारे कोणी नसले की असे होते.

तिच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. त्या लढ्याची खबर पुण्यापर्यंत कागदानेच आणली होती.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात पत्र्याची पेटी असते. त्यात आजोबांचा गिरणीतला पास, आजीचे छायाचित्र, सभेचे पत्रक, गावाहून आलेले पोस्टकार्ड असते. दिवाणखान्याला रंग देताना ते रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. हे काम मुलांना सांगा, म्हणजे ती विचारतीलही, हे कोण?