बोगदा आणि पाटकरी

माझा भाचा राउटर नावाच्या पेटीला वाट निवडायला शिकवतो. समजा, एखाद्या बँकेच्या बारामती नि इंदापूर शाखांचा व्यवहार. तो सामाईक जाळ्यातूनच जातो. पण पाकिटात पाकीट घालावे तसा निराळ्या वेष्टनात. हे व्हीपीएन, आणि त्या झाकल्या वाटेला म्हणायचे बोगदा! सुरुंग नाही, पहार नाही. मराठीच्या मास्तराला रूपक आवडले.

बोगदे अनेक असले, तर घ्यायचा कोणता? एका धोरणात पसंतीचा क्रम सांगतात: पहिला पडला, की दुसरा. दुसऱ्यात एका ठिकाणची रहदारी एकाच बोगद्याशी बांधतात. तो पडला आणि 'दुसरीकडून जा' अशी मुभा आधी लिहिलेली नसली, तर शेजारचा बोगदा मोकळा असूनही सारे ठप्प! इंदापुरात उसाचे बिल काढायला आलेला शेतकरी खिडकीशी ताटकळतो.

मला आमचा नीरा डावा कालवा आठवला. १८८५ च्या सुमारास सुरू झालेला हा कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्यात जातो. कोणत्या चारीला पाणी सोडायचे, ते पाटकरी पाहतो. टेलच्या शेतकऱ्याचे पीक त्याच्या हाती.

"पण पाटकऱ्याला रात्री-अपरात्री उठवता तरी येतं रे!" मी म्हटले.

भाचा हसला. "म्हणून तर मामा, ती मुभा मी आधीच लिहून ठेवतो."